बसायला जागा

२०१९ च्या मे महिन्यात सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आम्ही दोघी नागपूरला गेलो होतो. सकाळी साडेसातला नंबर लावला, दहाला तपासणी झाली आणि चिठ्ठीवर लिहून मिळालं, चार वाजता या. भरती दुसऱ्या दिवशीची होती, म्हणून आत थांबू देईनात. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. रस्त्यापलीकडं एक बगीचा दिसला. आत निंब, करंज, एक चांगला डेरेदार वड, सिमेंटची बाकं, आणि चिटपाखरू नाही. मला हायसं वाटलं. सासूबाईंचा हात धरून फाटकापाशी गेले तर कुलूप. पाटीवर वेळ लिहिलेली होती : सकाळी ५ ते १०, संध्याकाळी ४ ते ९.

हाक मारल्यावर चौकीदार उठून आला. चार वाजता या बाई, म्हणाला. त्याच्या हातात काही नव्हतं, वरून तसा हुकूम होता. त्यानं आमची बाटली आतल्या नळावर भरून दिली, एवढं मात्र केलं. वडाची एक फांदी कुंपणावरून बाहेर फुटपाथवर आली होती, तिच्या सावलीत आम्ही पिशवी ठेवून बसलो. फुटपाथ बगीच्याच्या पश्चिमेला. ऊन डोक्यावरून कललं तशी सावली आत सरकायला लागली. आम्ही दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडं थोडं कुंपणाकडं सरकत होतो. दीडच्या सुमारास पाठ जाळीला टेकली, आणि दोनला सावली पूर्ण आत गेली. आम्ही बाहेर राहिलो.

सासूबाई तेव्हा म्हणाल्या, "आपल्या गावात झाडाले कुलूप नाही लावत कोणी."

मी मान हलवली. मग कुणास ठाऊक का, विचारलं, "आखरावरच्या निंबाखाली तुम्ही कधी बसल्या का वो?"

"मी? आखरावर?" त्यांनी पदर डोक्यावर ओढला. "तिथं बायकाईचं काय काम?"

लग्न होऊन त्या गावात आल्या तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं. आखर म्हणजे गावाजवळची गुरं जमायची मोकळी जागा. तिथला निंब त्या येण्याआधीपासून आहे. त्याच्या पारावर सकाळी आबाजी लोक बसतात, दुपारी पत्ते चालतात, संध्याकाळी तरुण पोरं मोबाइल घेऊन बसतात. सासूबाई त्या पारासमोरून रोज दोनदा गेल्या असतील, पाण्याच्या गुंडासोबत, पदर सावरत, पाय उचलत. खाली टेकल्या नाहीत. मीही टेकले नाही. आमच्या झाडाला कुलूप नाही हे खरं. पण त्या दोन वाजेपर्यंत मला हे कधी दिसलंच नव्हतं की माझ्यासाठी ते झाड उघडंही नाही.

तेव्हापासून मला सवयच लागली. कोणत्याही शहरात गेले की बगीचा बघते. फुलं बघत नाही, कारंजी तर नाहीच. बघते ते एवढंच, की दुपारी फाटक उघडं असतं का, प्यायला पाणी आहे का, बायांसाठी संडास-मोरी आहे का आणि तिचं दार लागतं का, आणि एकटी बाई कुणाची वाट न बघता तिथं बसलेली आहे का. शेवटची खूण सगळ्यांत पक्की. एकटी बाई बसलेली दिसली की बाकीच्या गोष्टी बऱ्या असतात.

पुण्याला मुलाची खोली सारसबागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. २०२२ च्या दिवाळीनंतर सासूबाईंना घेऊन गेले. पेशवाईतल्या तळ्याच्या जागेवरची ही बाग, मधोमध तळ्यातला गणपती. दर्शन झालं, आणि सासूबाई हिरवळीवर बसल्या ते उठेचनात. चपला काढून पाय लांब केले. आजूबाजूला बायकाच बायका. कुणी डबा उघडून बसलेली, कुणी नुसती आभाळाकडं बघत आडवी झालेली. माझ्या वयाची एकजण चष्मा पोटावर ठेवून चक्क झोपली होती. सासूबाईंनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"हिले घरी काम नाही का?"

मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "आपल्यालेई कोणी काही म्हणून नाही राह्यलं." त्यांचा आवाज मला अजून आठवतो. लहान पोरीला काही सापडावं तसा होता.

मुंबईला नणंदेच्या मुलीकडं गेलो तेव्हा तिनं शिवाजी पार्क दाखवलं. मुंबई महापालिकेनं १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं केलेलं मैदान, साधारण २८ एकर. मला त्यातलं क्रिकेट कळत नाही. मला आवडला तो कट्टा. मैदानाभोवती सगळीकडून गुडघाभर उंचीची बसकी भिंत, आणि तिच्यावर लोक बसलेले. तिथं कुंपण हेच बसायचं ठिकाण आहे. नागपूरच्या जाळीला पाठ टेकून बसलेल्या मला हे इतकं भिडलं की मी त्या दगडावर हात फिरवून पाहिला. ज्यानं कुणी ती भिंत एवढीच ठेवायची ठरवली, त्याला माणसं कळत होती.

आता मुंबई म्हणजे जागेसाठी तरसणारं शहर. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलंय. मुंबईत ती जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर आहे. एक सतरंजी अंथरली की संपली. उलट आमचं गाव. आकडा काढायला बसलं तर माणशी किती निघेल, सांगता येत नाही इतकी जागा. ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरानाची जमीन आहे, आखर आहे, नाल्याकाठ आहे. पण सतरंजी अंथरून बसायचं म्हटलं तर मला एक जागा दाखवता येणार नाही.

नागपूरवर राग धरून मी हे लिहीत नाही. विदर्भात बगीच्यांच्या बाबतीत नागपूरइतकं नशीबवान गाव दुसरं नाही. भोसल्यांच्या वेळचा महाराजबाग आहे, तो कृषी विद्यापीठाकडं. अंबाझरीच्या काठचा बगीचा आहे. नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा १९३६ चा, त्या प्रन्यासनं जे लेआउट पाडले त्यांत बगीच्यांसाठी जागा सुटल्या, महानगरपालिकेचे आणखी वेगळे. मालक वेगळे म्हणून पिशव्याही वेगळ्या, आणि त्यामुळं एकाच रस्त्यावर एक बगीचा हिरवागार तर दुसऱ्यात गवत कमरेएवढं, असं दिसतं. तरीही बगीचे आहेत, आणि सकाळ-संध्याकाळ भरलेले असतात. माझं म्हणणं दुपारचं आहे. आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, आणि सावलीची गरज असते ती नेमकी ज्या सहा तासांत कुलूप असतं त्या तासांत. सकाळी फिरायला येणाऱ्याला घरी पंखा असतो, कूलर असतो. दुपारी बगीच्यात यायची वेळ ज्याच्यावर येते, त्याला त्या वेळी त्या शहरात दुसरं काही नसतं. खेड्यातून दवाखान्यात आलेला, भाजी विकून बसची वाट बघणारा, हातठेला ओढणारा. अहमदाबाद महापालिकेनं २०१० च्या उन्हाळ्यात माणसं दगावल्यावर २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला, मग नागपूरनंही केला. बगीचे दुपारी उघडे ठेवा, हे अशा आराखड्यांतलं साधं कलम आहे. त्याला खर्च फारसा नाही, चौकीदार तर आत असतोच.

पुण्याहून परत आल्यावर मी आमच्या बचत गटात विषय काढला. मी अंगणवाडी सेविका आहे, बाया माझं ऐकतात. दहा-बाराजणी होतो. बायकांना बसायला जागा पाहिजे म्हटल्यावर आधी हसल्या. मग एकजण म्हणाली, आपण बसतोच की, धुऱ्यावर.

ते खरं आहे. निंदणाच्या दिवसांत दुपारी शिदोरी सोडतात ती धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या बाभळीखाली नाहीतर पळसाखाली. तेवढा अर्धा तास बाया पाय सोडून बसतात, मोठ्यानं हसतात, एकमेकींच्या डोक्यातले पांढरे केस उपटतात, घरात न बोललेलं बोलतात. आमच्या बायांचा बगीचा तोच. पण धुरे बारीक होत चालले आहेत. ट्रॅक्टर वळवायला अडचण होते म्हणून झाडं जातात, दोन भावांच्या वाटणीत जातात, सावलीनं कपाशी बसते म्हणून जातात. आमच्याच वावराच्या धुऱ्यावर मी लग्न होऊन आले तेव्हा सात झाडं होती. आता दोन आहेत. आणि ते बसणं मजुरीतलं आहे, मुकडदमानं हाक मारली की उठावं लागतं. म्हातारपणी निंदायला जाणं थांबलं की तेही जातं. सासूबाईंचं असंच झालं. वावर सुटलं आणि त्यांना घराबाहेर बसायला कारणच उरलं नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथं आम्ही अर्ज दिला. जुन्या पाण्याच्या टाकीजवळ मोठा निंब आहे, त्याच्या भोवती ओटा, एक नळ, एक दिवा, चार झाडं आणि त्यांना पाणी घालायला एक माणूस. ग्रामसेवकांनी अर्ज नीट वाचला. भला माणूस आहे, उडवून नाही लावलं. म्हणाले, "ताई, हे कोणत्या हेडमध्ये बसवू?"

वित्त आयोगाचा पैसा होता, पण पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. उरलेल्या ४० टक्क्यांत रस्ता, नाली, दिवे, शाळेचं छत, अंगणवाडीची दुरुस्ती. माझ्याच अंगणवाडीची खिडकी दोन वर्षं तुटलेली होती, मी कोणत्या तोंडानं भांडणार. आमदार-खासदार निधीतून बांधकाम मिळतं, माणूस मिळत नाही. आम्हाला बसायला जागा हवी होती, आणि कागदावर ती कुठंच बसत नव्हती.

मी घरी येऊन मुलाला फोन केला, म्हटलं जरा शोधून दे, बगीचा करणं ग्रामपंचायतीचं काम आहे की नाही. त्यानं जे पाठवलं ते मी तीन-चारदा वाचलं. १९९२ मध्ये घटनेत दोन दुरुस्त्या झाल्या, ७३ वी गावांसाठी आणि ७४ वी शहरांसाठी. त्यांनी दोन परिशिष्टं जोडली. शहरांच्या बाराव्या परिशिष्टात १८ विषय आहेत, आणि त्यांतला बारावा विषय स्पष्ट शब्दांत आहे : उद्यानं, बगीचे, क्रीडांगणं यांसारख्या सोयी पुरवणं. गावांच्या अकराव्या परिशिष्टात २९ विषय. शेती आहे, जमीन सुधारणा आहे, कुक्कुटपालन आहे, सामाजिक वनीकरण आहे, गौण वनोपज आहे, बाजार आणि जत्रा आहेत. बगीचा नाही. क्रीडांगण हा शब्दही नाही. आमच्या वाट्याला झाड आलं ते सरपण म्हणून, वनीकरण म्हणून. झाडाखाली बसणारं माणूस त्या यादीत आलं नाही.

ज्यांनी यादी केली त्यांच्या मनात वाईट काही नसणार. त्यांना वाटलं असेल, खेडं म्हणजेच बगीचा. सगळीकडं झाडं, मोकळी हवा, वेगळा बगीचा कशाला. हे मला शहरातल्या नातेवाइकांच्या तोंडून शंभरदा ऐकायला मिळतं. राज्याचा झाडं वाचवण्याचा १९७५ चा कायदा, त्याच्या नावातच नागरी क्षेत्र आहे. वृक्ष प्राधिकरण, झाड तोडायच्या आधी नोटीस, हरकती, हे सगळं नगरपालिकेच्या हद्दीत. आमच्या धुऱ्यावरची पाच झाडं गेली तेव्हा हरकत घ्यायला एक पाटीसुद्धा लागली नव्हती.

बरं, शहराच्या यादीत गेलं म्हणजे बगीचा मिळतोच असंही नाही. आमचं तालुक्याचं गाव काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायत होतं. २०१५ च्या आसपास राज्यातली बरीच तालुक्याची गावं नगरपंचायती झाली, त्यांतलं हेही एक. तिथं जिकडंतिकडं लेआउट पडले. मोठ्या लेआउटला १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, तिला सगळे ओपन स्पेसच म्हणतात. माझ्या बहिणीचा प्लॉट अशाच एका ओपन स्पेससमोर. प्लॉट विकणाऱ्यानं नकाशात तिथं हिरव्या रंगात झाडं काढून दाखवली होती. गेली आठ वर्षं तिथं गाजरगवत आहे, एका कोपऱ्यात मंदिर आहे आणि दुसऱ्या कोपऱ्यात कुणाच्या तरी बांधकामाची गिट्टी. मग नगरपंचायतीनं एका निवडणुकीआधी गावात एक बगीचा केला. गट्टू लावले, कमान केली, ओपन जिमची यंत्रं बसवली, दोन पाळणे, एक लोखंडी घसरगुंडी. उद्घाटनाला मीही गेले होते, अंगणवाडीची लेकरं घेऊन.

तीन वर्षांनी, मार्चमध्ये, बहिणीकडं गेले तेव्हा पुन्हा गेले. झाडं म्हणून लावलेल्या अशोकाच्या काड्या उभ्या होत्या. बोअर बंद. घसरगुंडीपाशी सात-आठ वर्षांची एक मुलगी शाळेची पाण्याची बाटली घेऊन शिडी चढत होती. वर बसली, आणि पत्र्यावर बाटली हळूहळू ओतली, वरून खालपर्यंत जाईल अशी. वाफ निघाली नाही, पण पत्रा करपल्यासारखा वास आला. मग फ्रॉक मांड्यांखाली नीट दाबून घेतला आणि घसरली. खालच्या टोकाला पत्रा गंजून फाटला होता, तिथं यायच्या आधीच तिनं दोन्ही पाय बाजूला टाकून उडी मारली. तिला ती जागा माहीत होती. पुन्हा बाटली भरायला ती समोरच्या चहाच्या टपरीवर गेली.

त्या बगीच्यात कमान होती, पाटी होती, माळी नव्हता. मला वाटतं सगळं तिथंच अडतं. पुण्या-मुंबईच्या महापालिकांना वेगळा उद्यान विभाग असतो, अधीक्षक असतो, पगारी माळी असतात. तिथल्या मालमत्ता कराला ते झेपतं. नगरपंचायतीची घरपट्टी तिच्या नळाच्या बिलाला पुरत नाही. तिला पैसा मिळतो तो वरून, आणि वरचा पैसा बांधायला मिळतो, जगवायला मिळत नाही. केंद्र सरकारच्या २०१५ च्या अमृत योजनेत मोठ्या शहरांना बगीच्यांसाठी अडीच टक्क्यांपर्यंत वाटा ठेवला होता, तो मुख्यतः लाखावर वस्तीच्या शहरांसाठी. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं ३९४ नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना बगीच्यासाठी प्रत्येकी १ कोटी रुपये जाहीर केले. बातमी वाचून मला खरंच आनंद झाला, आणि मी लगेच वहीत हिशेब मांडला. माळ्याला महिन्याला बारा हजार धरले तर वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार. त्या कोटीतले पंचवीस लाख सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाला पावणेदोन लाख व्याज. म्हणजे एक माळी आणि वर बोअरच्या मोटरचं बिल, कायमचं. उरलेल्या पंच्याहत्तर लाखांत बगीचा होत नाही का? ग्रामसेवकांना दाखवला हिशेब. ते म्हणाले, ताई, बांधकामाचा निधी असा ठेवता येत नसतो. मी म्हटलं, मग हाच नियम बदला. ते माझ्याकडं बघत राहिले, त्यांच्या हातात थोडंच आहे ते. पण कुणाच्या तरी हातात आहे, म्हणून इथं लिहिते.

आणि ते ३९४ आमच्या गावाच्या अलीकडंच संपतात. तालुका आमच्यापासून आठ किलोमीटर.

आमचं काय झालं ते सांगते. ग्रामपंचायतीनं स्वनिधीतून ओटा करून दिला. निंबाभोवती अर्धगोल, रस्त्याकडं पाठ आणि टाकीकडं तोंड, हे आम्ही बायांनी गवंड्याला उभं राहून सांगितलं. रस्त्याकडं तोंड असतं तर कुणी बसलीच नसती. खांबावर एक बल्ब दिला. नळ दिला नाही, टाकीची तोटी आहे तिथूनच घ्या म्हणाले. माणूस दिला नाही. चार झाडं आम्ही लावली, दोन कदंब, एक बकुळ, एक निंब. गटातल्या बायांनी पाण्याच्या पाळ्या लावल्या, आठवड्याला दोघी, माणशी दोन गुंड. पहिल्याच उन्हाळ्यात वेचणी-लग्नसराई-कुणाचं बाळंतपण यांत पाळ्या चुकल्या आणि दोन्ही कदंब गेले. बायांना मी दोष देत नाही. स्वतःच्या घरचं पाणी भरून दमलेल्या बाईच्या डोक्यावर गावाच्या झाडाचं पाणी ठेवणं हे बरोबरही नाही. शहरात या कामाचा पगार देतात. बकुळ आणि निंब तगले आहेत, बकुळ माझ्या खांद्याला लागतो.

पहिल्या दिवशी सासूबाईंना मीच घेऊन गेले. चष्मा लावून आल्या, ओट्यावर हात फिरवला, बसल्या. समोरून सरपंचांचे वडील गेले. सासूबाईंनी पदर सावरला आणि अर्ध्या उठल्या. मग माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "इथून कोणी उठवणार तर नाही ना वो?"

"नाही," म्हटलं. "आपलाच आहे."

आता त्या रोज जातात. दुपारी तीनला, ऊन असलं तरी, सोबत अजून तीन-चार म्हाताऱ्या असतात. वाती वळतात, तुरीच्या शेंगा सोलतात, कधी कधी काहीच करत नाहीत. शाळेतून येणाऱ्या मोठ्या मुलीही थांबायला लागल्यात, पुस्तकं मांडीवर घेऊन. बल्ब मागच्या महिन्यात उडाला आणि खांबाची वायर लोंबते आहे, त्यामुळं अंधार पडायच्या आत सगळ्या उठतात. येत्या ग्रामसभेसाठी अर्ज लिहून ठेवलाय. बल्ब, वायर, आणि खाली पुन्हा एकदा, झाडांना पाणी घालायला पगारी माणूस एक.